पावतीची लायब्ररी एकाच फाइलमधे का बांधतो

आधीच सांगून टाकतो, हे वेबसाइट किंवा अ‍ॅप बंडल करण्याबद्दल, म्हणजे बऱ्याच फाइली बांधून एक करण्याबद्दल, नाहीये, त्यावर ढिगाने व्हिडिओ पडलेत. हे लायब्ररीबद्दल आहे, म्हणजे आपण लिहिलेला जावास्क्रिप्टचा कोड दुसरा कोणीतरी त्याच्या पानात घालणार, तो कसा घालेल ते आपल्याला माहीत नाही, त्याच्याकडे कुठला ब्राउझर आहे, मशीन किती जुनं आहे, नेट आहे का नाही तेही माहीत नाही, आणि तरी आपण ते नीट बांधून द्यायचंय. अ‍ॅपमधे शेवटचा शब्द आपला असतो, लायब्ररीत तो वापरणाऱ्याचा असतो. बंडलरच्या, म्हणजे हे बांधणाऱ्या टूलच्या, सेटिंग्ज लावत बसलेली बरीच मंडळी नेमकं हेच विसरतात आणि अ‍ॅपची कॉन्फिग फाइल उचलून लायब्ररीला चिकटवतात.

माझी लायब्ररी तशी बारकीच. गुहागर-दापोली पट्ट्यात होमस्टेवाले, आंबा बागायतदार, एखादी पतसंस्था यांना पावत्या छापायची पानं करून देतो, त्यात मराठी पावतीला लागतं ते सगळं हिच्यात आहे, म्हणजे रक्कम अक्षरी, तारीख, पावती क्रमांक आणि छापायचा साचा. यातलं अक्षरी रकमेचं प्रकरण दिसतं तितकं सोपं नाही बरं का. इंग्रजीत वीसच्या पुढे जोडत जोडत जाता येतं, मराठीत शंभरापर्यंत असा नियमच धड लागत नाही, एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस करत एकोणनव्वदपर्यंत गाडी छान जाते आणि मग नव्याण्णव येऊन बसतं. त्यामुळे सरळ शंभर शब्दांचा तक्ताच ठेवावा लागतो. शिवाय २०१९ मधे बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल, तर एका मास्तरांनी तोही पर्याय मागितला, म्हणून तशी एक सेटिंग आहे. ही सेटिंग लक्षात ठेवा, पुढे तिने गंमत केलीये.

उलट काही गोष्टी मी लायब्ररीतून काढूनच टाकल्या. देवनागरी अंक आणि लाख-कोटीप्रमाणे स्वल्पविराम हे ब्राउझर स्वतः देतो, त्याच्या इंटल नंबरफॉरमॅट या सोयीला मराठीचं लोकेल, म्हणजे भाषेचा कोड, दिलं की १२,३४,५६७ असं सरळ छापून येतं. पावती क्रमांकाच्या पुढची शून्यं पॅडस्टार्ट लावून देतो, ते २०१७ पासून भाषेतच आहे. यावरून ते लेफ्टपॅड प्रकरण आठवतं, मार्च २०१६ मधे एका माणसाने त्याचं ११ ओळींचं पॅकेज एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजांचं सामायिक कोठार) काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड, म्हणजे प्रोग्रॅम बांधायची कामं, धडाधड पडले. काम काय होतं त्याचं, तर डावीकडे जागा भरणं! बांधायच्या आधी काय बांधायचं नाही ते ठरवलं तर निम्मं काम तिथेच वाचतं.

आता मूळ मुद्दा. पूर्वी अशा लायब्ऱ्या पाच-सहा फाइलींत यायच्या आणि पानात तेवढे स्क्रिप्ट टॅग एकाखाली एक. तक्त्याची फाइल आधी, मग गणिताची, मग रुपये-पैशांची, मग साचा. कोणी पान आवरताना दोन ओळी खालीवर केल्या की संपलं, अमुक डिफाइन्ड नाही म्हणून बोंब. मग लोक करायचे काय, सगळ्या फाइली एकीला एक जोडून टाकायच्या, लिनक्सवर कॅट, विंडोजवर कॉपी कमांड, झाली एक फाइल. चालतंही बऱ्याचदा. पण यात एक जुनं दुखणं आहे जे आजही कुठे कुठे भेटतं. पहिल्या फाइलच्या शेवटी एखाद्या व्हेरिएबलला फंक्शन दिलंय आणि नंतर अर्धविराम टाकलेला नाही. दुसरी फाइल उघड्या कंसाने सुरू होते, कारण तेव्हा सगळे आपला कोड कंसातल्या फंक्शनमधे गुंडाळायचे. वेगवेगळ्या होत्या तोवर काही त्रास नव्हता. जोडल्या की जावास्क्रिप्टला वाटतं हा कंस म्हणजे मघाच्याच फंक्शनला मारलेली हाक आहे, आणि दुसऱ्या फाइलचा अख्खा कोड पहिल्या फंक्शनचा पॅरामीटर होऊन बसतो. एरर येतो तो भलत्याच ओळीवर. जुने जेक्वेरी प्लगइन उघडून बघा, कित्येकांची सुरुवातच अर्धविरामाने होते, ती ह्याच भीतीने.

दुसरं म्हणजे नावं. दोन फाइलींत वरच्याच पातळीवर कॉन्स्टने ‘तक्ता’ नावाची गोष्ट केली आणि फाइली जोडल्या की सिंटॅक्स एरर, आणि सिंटॅक्स एरर असा की अख्खी फाइल मरते, एक ओळसुद्धा चालत नाही. वेगळ्या टॅगमधे असत्या तर निदान पहिली तरी चालली असती. बंडलर इथे कामाचा ठरतो, तो नुसत्या फाइली चिकटवत नाही, वाचतो, कोण कोणाला इम्पोर्ट करतंय, म्हणजे मागवतंय, त्याचा नकाशा करतो, त्या क्रमाने मांडतो आणि नावं भिडली तर एकीचं नाव गुपचूप बदलतो. (मराठीत व्हेरिएबल चालतात का असं विचाराल तर हो, चालतात, मात्रा-वेलांटीसकट, पण टीममधल्या माणसाचा कीबोर्ड आधी बघून घ्या.)

हे सगळं इतकं उशिरा का आलं याचं कारण सोपंय, जावास्क्रिप्टला स्वतःची मॉड्यूल पद्धतच, म्हणजे एका फाइलमधून दुसरी मागवायची रीत, २०१५ पर्यंत नव्हती. सर्व्हरवाल्यांनी २००९ मधे कॉमनजेएस नावाची आपली पद्धत काढली, नोडने (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) ती उचलली, मग तेच ब्राउझरमधे चालवायला ब्राउझरिफाय आलं, २०१२ मधे वेबपॅक, २०१५ मधे रिच हॅरिसचं रोलअप, ज्याने न वापरलेला कोड गाळून टाकायची सवय सगळ्यांना लावली, आणि २०२० मधे इव्हान वॉलेसचं ईएसबिल्ड, गो भाषेत लिहिलेलं, एवढं झपाझप चालतं की पहिल्यांदा चालवल्यावर झालं का खरंच म्हणून फोल्डर उघडून बघावंसं वाटतं. मी सध्या तेच वापरतो. लहान लायब्ररीला यातलं कुठलंही चालेल, यावर वाद घालत बसायची माझी तयारी नाही.

आता शहाणे लोक म्हणतात की बंडल कशाला, ब्राउझरला इम्पोर्ट कळतं, एचटीटीपी टू आहे, एकाच कनेक्शनवर ढीगभर फाइली येतात. बरोबर आहे, फाइली समांतर येतात, पण कधी, कुठल्या मागायच्या ते आधी कळलं तर. ब्राउझर पहिली फाइल आणतो, वाचतो, तेव्हा त्याला कळतं की हिला दुसरी लागते, ती आणली की कळतं तिला तिसरी लागते. प्रत्येक पायरीला सर्व्हरपर्यंत एक हेलपाटा. पुण्यात फायबरवर बसलेल्याला हे जाणवतही नाही. वेळणेश्वरच्या खाली, जिथे मोबाइल खिडकीत उभा ठेवल्याशिवाय रेंज येत नाही, तिथे त्या एकेका हेलपाट्याला किती वेळ लागतो ते येऊन बघा. शिवाय एक मोठी फाइल जीझिपने जितकी छान दाबली जाते तितक्या पाच चिमुकल्या दाबल्या जात नाहीत, कारण सारखे तुकडे शोधायला तिला जास्त मजकूर मिळतो.

पण रेंजपेक्षाही मोठं एक कारण आहे आणि ते मला फार कमी ठिकाणी लिहिलेलं दिसलं. खाडीपलीकडे, दापोलीच्या बाजूला, एका बागायतदार काकांना मी पान करून दिलेलं. सीझनला ते मांगरातच बसतात, लॅपटॉप तिथेच, नेट नावापुरतं, वळवाचा पाऊस आला की लाईट जाते आणि लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो. त्यामुळे पान आणि लायब्ररी दोन्ही पेनड्राइव्हवर, पानावर डबल क्लिक केलं की ब्राउझर उघडतो, रक्कम टाका, छापा. एकदा त्यांचा पुण्याचा भाचा सुट्टीत आला, चांगला हुशार मुलगा, त्याने ते पान मॉडर्न करून दिलं, स्क्रिप्ट टॅगला टाइप मॉड्यूल लावलं, इम्पोर्ट टाकले, त्याच्या एडिटरच्या लोकल सर्व्हरवर सुरेख चाललं. तो पुण्याला गेला आणि काकांचा फोन, “अरे, पावती उघडली की कोरं पान येतंय. छापून बघितलं, तर कोरंच छापतंय.”

झालं असं की डिस्कवरून थेट उघडलेल्या पानाला ब्राउझर कुठलं घर मानत नाही, त्याचं ओरिजिन नल धरतो, आणि मॉड्यूल स्क्रिप्टला क्रॉस ओरिजिनचे नियम लागतात, म्हणून शेजारच्याच फोल्डरमधली फाइलसुद्धा तो आणू देत नाही. कन्सोल उघडला तर लाल अक्षरात सगळं दिसतं पण काका कन्सोल कशाला उघडतील. साध्या जुन्या स्क्रिप्ट टॅगला हे बंधन नाही. म्हणजे नेट नसताना, सर्व्हर नसताना, डबल क्लिकवर चालायचं असेल तर मॉड्यूल नाही, एकच साधी फाइल पाहिजे. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला जाऊन ती फाइल परत टाकून आलो, सोबत ताजे बोंबील मिळाले ते वेगळं.

तेव्हापासून कोणी एकसंध फाइल ही जुनाट गोष्ट आहे म्हणालं की मला हसू येतं. स्क्रिप्ट टॅगवाले लोक गेलेले नाहीत, ते फक्त कॉन्फरन्सला येत नाहीत. होमस्टेची वेबसाइट स्वतः करणारी मुलगी, शाळेचे गुणपत्रक छापणारे मास्तर, पतसंस्थेचा एकुलता एक कॉम्प्युटरवाला, यांच्याकडे बंडलर नाही आणि असायचं कारणही नाही. त्यांच्यासाठी मी ईएसबिल्डला इफी फॉरमॅट सांगतो, म्हणजे सगळा कोड एका स्वतःच चालणाऱ्या फंक्शनमधे आणि बाहेर एकच ग्लोबल नाव, ‘पावती’. यूएमडी नावाचा एक फॉरमॅट आहे तो एएमडी, कॉमनजेएस, ग्लोबल तिन्ही तपासतो, पण एएमडी ही जुनी मॉड्यूल पद्धत आता भेटते कुणाला, म्हणून तो सोडला.

आणि ज्यांच्याकडे बंडलर आहे त्यांना मात्र ही गोळा केलेली फाइल द्यायची नाही. त्यांना वेगळ्या फाइली, न दाबलेल्या, टाइपस्क्रिप्टमधून निघाल्या तशा. त्यांचा बंडलर त्यांना हवं ते उचलेल, नको ते गाळेल, फक्त तारीख हवी असेल त्याच्या माथी शंभर शब्दांचा तक्ता येणार नाही. इथे पॅकेज डॉट जेसनमधलं (पॅकेजच्या माहितीची फाइल) साइडइफेक्ट्स हे खातं जपून भरा. फॉल्स लिहिलं की बंडलर समजतो की नुसती इम्पोर्ट केलेली आणि ज्यातलं काहीच थेट वापरलं नाही अशी फाइल फेकली तरी चालेल. माझ्या साच्याची एक फाइल पानात छपाईची स्टाइल टाकते, तिच्यातून बाहेर काही निर्यात होत नाही, म्हणजे बंडलरच्या दृष्टीने ती रिकामटेकडी. ती गेली की पावती छापते पण समासाबाहेर. म्हणून फॉल्स ऐवजी त्या एका फाइलचं नाव यादीत दिलंय.

आता दुसऱ्यांच्या लायब्ऱ्या. आपल्या लायब्ररीला रिअ‍ॅक्ट लागत असेल (पानाचे भाग, म्हणजे कंपोनंट, बांधायची ती लायब्ररी, माझ्यात पावतीचा एक कंपोनंट आहे, एकाने हौसेने करून दिलेला) तर ते रिअ‍ॅक्ट आपल्या बंडलमधे कोंबायचं नाही. गणपतीला मुंबईहून येणारे चाकरमानी जसे प्रत्येकजण किलोभर पेढे घेऊन येतात आणि तिसऱ्या दिवशी घरात फक्त पेढेच असतात, तसं होतं. पेढ्यांचं एक वेळ निभतं, रिअ‍ॅक्टच्या दोन प्रती एका पानात आल्या की हुक, म्हणजे त्यातली खास फंक्शनं, चालत नाहीत, इनव्हॅलिड हुक कॉल म्हणून एरर येतो आणि माणूस दिवसभर स्वतःचा कोड तपासत बसतो. अशा गोष्टी पीअर डिपेन्डन्सीत, म्हणजे वापरणाऱ्याने स्वतः आणायच्या यादीत, लिहायच्या आणि बंडलरला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरच्या, म्हणून सांगायच्या.

नोडवाल्यांची गोष्ट वेगळी. एका पतसंस्थेच्या सर्व्हरवर पावतीची पीडीएफ बनते, जुना कोड, सगळीकडे रिक्वायर, म्हणजे कॉमनजेएसची फाइल मागवायची रीत. त्यांच्यासाठी कॉमनजेएसची तिसरी प्रत ठेवली आणि पॅकेज डॉट जेसनच्या एक्सपोर्ट्समधे सांगितलं की इम्पोर्टने आला तर ही, रिक्वायरने आला तर ती. (त्यात क्रमाला अर्थ आहे, टाइप्स सगळ्यात वर, डिफॉल्ट सगळ्यात खाली.) आणि इथे ती मघाची ‘वीस एक’ची सेटिंग आली. ती सेटिंग मॉड्यूलच्या आत एका व्हेरिएबलमधे राहायची. त्या सर्व्हरवर अर्धा कोड नवीन, इम्पोर्ट करणारा, अर्धा जुना, रिक्वायर करणारा, म्हणजे एकाच प्रोग्रॅममधे लायब्ररीच्या दोन प्रती, दोघींचं व्हेरिएबल वेगळं. सेटिंग एकीत बदलली, दुसरीला पत्ता नाही. एका पावतीवर वर ‘एकवीस हजार’ आणि खाली बेरजेत ‘वीस एक हजार’. याला ड्युअल पॅकेज हॅझर्ड असं भारदस्त नाव आहे. यावर उपाय शोधत लोक काय काय जुगाड करतात, मला विचाराल तर सगळ्यात सरळ म्हणजे लायब्ररीने आत काही लक्षातच ठेवू नये, सेटिंग दरवेळी पॅरामीटर म्हणून घ्यावी. तेच केलंय.

फाइल दाबायची, म्हणजे मिनिफाय करायची, तर ती फक्त स्क्रिप्ट टॅगवाली, सोर्स मॅपसकट, म्हणजे मूळ कोडच्या ओळी दाखवणारी फाइलही सोबत. लायसन्सची कॉमेंट उद्गारचिन्हाने सुरू केली तर मिनिफायर ती सहसा ठेवतो, आणि दुसऱ्याचा एमआयटी लायसन्सचा कोड आत असेल तर त्याची कॉपीराइटची ओळ ठेवणं बंधनकारक आहे.

देवनागरीची मात्र इथे वेगळीच कथा. ईएसबिल्ड आपणहून सगळी बिगर-इंग्रजी अक्षरं एस्केप करतो, म्हणजे ‘क’च्या जागी बॅकस्लॅश, यू आणि चार अंकांचा कोड. यूटीएफ-८ मधे (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं एक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं, एस्केप केलं की ६. म्हणजे तक्ता दुप्पट. कॅरसेट यूटीएफ-८ सांगितलं की अक्षरं जशीच्या तशी राहतात. पण तो एस्केप करतो ते उगाच नाही, पानात मेटा कॅरसेट, म्हणजे अक्षरांचं एन्कोडिंग सांगणारी ओळ, नसेल आणि सर्व्हरनेही सांगितलं नसेल तर ब्राउझर फाइल भलत्याच एन्कोडिंगमधे वाचतो आणि पावतीवर रुपयांच्या जागी कचरा येतो. हाताने केलेली जुनी पानं किती जणांकडे असतात ते मला माहीत आहे. म्हणून स्क्रिप्ट टॅगवाली फाइल मी एस्केप केलेलीच ठेवतो, दुप्पट तर दुप्पट, जीझिपनंतर फरक फार राहत नाही.

त्या एस्केपचा एक फायदा अनपेक्षित. चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव यातला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो. एकात साधा र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर, युनिकोडात यू २००डी. दुसऱ्यात मुळातच वेगळा ऱ, यू ०९३१. स्क्रीनवर दोन्ही जुळे, संगणकाला दोन वेगळे शब्द. आणि न दिसणारी अक्षरं साफ करणारं एखादं टूल मधे आलं की पहिल्या प्रकारचा जॉइनर उडतो आणि रफार होऊन ‘चौर्याऐंशी’ छापून येतं. एस्केप केलेल्या फाइलमधे हे कोड उघडे दिसतात, शोधा आणि बघा. तक्त्यात सगळीकडे ०९३१ ठेवलाय आणि बिल्डच्या शेवटी २००डी सापडला तर बिल्ड पडतो.

प्रकाशित करण्याआधी एनपीएम पॅक, ड्राय रन लावून. पॅकेज म्हणजे शेवटी एक टीजीझेड फाइल, तिच्यात नक्की काय चाललंय त्याची यादी ती कमांड दाखवते. फाइल्स हे खातं भरा, म्हणजे काय जायचं तेच लिहा, काय जायचं नाही याची यादी करत बसू नका, ती कधीच पुरी होत नाही. पॅकेज डॉट जेसन, रीडमी आणि लायसन्स तसेही जातात. मी लोकांच्या पॅकेजमधे टेस्टसाठी काढलेले फोटो, पासवर्डची एन्व्ह फाइल, काय काय बघितलंय. आणि एकदा चढवलेला व्हर्जन नंबर परत वापरता येत नाही, काढून टाकला तरी नाही, तेव्हा ती यादी डोळ्याखालून घाला. मग ती टीजीझेड एका कोऱ्या फोल्डरमधे इन्स्टॉल करून एकदा इम्पोर्ट, एकदा रिक्वायर आणि एकदा नेट बंद करून डबल क्लिक, तिन्ही प्रकारे ९९ रुपयांची पावती काढून बघतो. जेएसडिलिव्हर किंवा अनपीकेजी या एनपीएमच्या फाइली वाटणाऱ्या साइटींवरून थेट फाइल उचलणाऱ्यांनी लेटेस्ट लिहू नका, पूर्ण व्हर्जन लिहा आणि इंटिग्रिटीचा हॅश, म्हणजे फाइलचा ठसा, तोही घाला, फाइलमधे एक अक्षर जरी बदललं तरी ब्राउझर ती चालवणार नाही.

नोड २२.१२ पासून रिक्वायरने ईएस मॉड्यूलही, म्हणजे इम्पोर्टवालं, आणता येतं, त्यात टॉप लेव्हल अवेट (फाइलच्या वरच्याच पातळीवर कशाची तरी वाट बघणं) नसेल तर. म्हणजे ती कॉमनजेएसची तिसरी प्रत आता उगाच सांभाळतोय. पुढच्या मेजर व्हर्जनला ती काढणार आहे, स्क्रिप्ट टॅगवाली राहणार. कोणाकडे अजून जुना नोड चालू असेल तर आत्ताच बोला, नंतर पावत्या अडल्या म्हणून ऐन मे महिन्यात फोन करू नका.